बी आणि लाकूड : दक्षिण अमेरिकेतल्या दोन वृक्षांचा इतिहास

१७९५ साली ब्रिटिश आरमाराचे 'डिस्कव्हरी' हे जहाज चिलीच्या किनाऱ्याला लागले. कप्तान होता जॉर्ज व्हँकूव्हर, आणि जहाजावरचा शल्यविशारद आर्चिबाल्ड मेंझिस हा वनस्पतींचा गाढा जाणकार होता. चिलीचा स्पॅनिश गव्हर्नर अंब्रोसिओ ओ'हिगिन्स याने पाहुण्यांना मेजवानी दिली. जेवणाच्या शेवटी ताटात काही अनोळखी, लांबट, तपकिरी बिया आल्या. मेंझिसने त्यांतल्या थोड्या खिशात टाकल्या, जहाजावर परतल्यावर मातीत लावल्या, आणि पाच रोपे इंग्लंडपर्यंत जिवंत नेली असे सांगतात. त्यांपैकी एक झाड लंडनच्या क्यू उद्यानात १८९२ सालापर्यंत उभे होते.

वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात हा किस्सा मोठ्या हौसेने सांगितला जातो. मेंझिसचे प्रसंगावधान, लांबच्या प्रवासात त्याने रोपांची घेतलेली काळजी, मग इंग्रज बागांमध्ये त्या झाडाचे उठलेले पेव हे सारे त्यात येते. पण त्या बिया गव्हर्नरच्या ताटात आल्या कुठून, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

ज्या जंगलात हे झाड वाढते ते चिलीच्या राजधानीपासून शेकडो किलोमीटर दक्षिणेला, बीओबीओ नदीच्या पलीकडे आहे. मेंझिसच्या काळात त्या नदीपलीकडे स्पेनच्या राजाचा हुकूम चालत नव्हता. तो मुलूख मापुचे लोकांचा होता, आणि १६४१ सालच्या किलीनच्या तहात खुद्द स्पॅनिशांनी ते मान्य केले होते. म्हणजे त्या बिया वेचणारे हात गव्हर्नरच्या प्रजेचे नव्हते. ते डोंगरात राहणाऱ्या, त्या झाडावरूनच स्वतःचे नाव घेतलेल्या एका समाजाचे असणार. मेजवानीच्या किस्स्यात त्यांना जागा नाही.

या लेखात दक्षिण अमेरिकेतल्या दोन सूचिपर्णी वृक्षांचा इतिहास मांडायचा आहे. एक चिली-अर्जेंटिनाच्या अँडीज पर्वतातला पेवेन, दुसरा दक्षिण ब्राझीलच्या पठारावरचा पाराना पाइन. दोघे एकाच कुळातले सख्खे भाऊ. दोघांच्या बाबतीत एकच भांडण वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या तारखांना झाले : झाड बियांसाठी की लाकडासाठी? वरवर हा वनशेतीचा साधा प्रश्न वाटतो. पण त्यावरून गावे उठवली गेली, तोफा डागल्या गेल्या आणि माणसे मेली.

झाडाची कुळकथा

पुण्या-मुंबईच्या जुन्या बंगल्यांच्या आवारात एक सरळसोट, मजल्यामजल्यांच्या फांद्यांचे झाड हमखास दिसते. त्याला सगळे 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. ते बहुधा अराऊकारिया असते आणि त्याचे मूळ घर प्रशांत महासागरातल्या बेटांवर आहे. या प्रजातीच्या जगात सुमारे २० जाती आहेत. बहुतेक न्यू कॅलेडोनिया आणि ऑस्ट्रेलियाच्या बाजूला, आणि फक्त दोन दक्षिण अमेरिकेत. महासागराच्या दोन टोकांना एकच घराणे कसे, याचे उत्तर खडकांत आहे. दक्षिणेकडचे भूखंड एके काळी जोडलेले होते आणि त्या जोडभूमीवर या कुळातल्या झाडांची जंगले होती. अर्जेंटिनाच्या पाटागोनियात सेरो क्वाद्रादो इथे या वृक्षांची दगड झालेली खोडे आणि शंकू सापडतात. ते ज्युरासिक काळातले, सुमारे सोळा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

भारतही त्याच जोडभूमीचा तुकडा. राजमहाल टेकड्यांतल्या खडकांत या कुळातल्या वृक्षांचे अवशेष मिळतात. बिरबल साहनी यांनी भारतातल्या अशा जीवाश्मांचा शास्त्रीय आढावा १९२८ आणि १९३१ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केला. त्या महाभूखंडाचे 'गोंडवन' हे नाव तर आपल्याच भागातले, मध्य भारतातल्या गोंडांच्या देशावरून आलेले. आधी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या हेन्री मेडलिकॉटने ते इथल्या खडकांसाठी वापरले, पुढे ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड झ्यूसने ते अख्ख्या भूखंडाला दिले. आपल्याकडे हे झाड दगडात उरले, तिकडे ते जिवंत राहिले.

जिवंत राहिले ते कशाच्या बळावर? पेवेन वाढतो तो अँडीजच्या ज्वालामुखींच्या अंगाखांद्यावर, साधारण ३७ ते ४० अक्षांशांच्या दरम्यान. किनाऱ्याजवळच्या नाहुएल्बूता डोंगररांगेत त्याची वेगळी, छोटी वस्ती आहे. हिवाळ्यात तिथे बर्फ पडते, अधूनमधून राख पडते, वीज पडून वणवे लागतात. पेवेनची साल जाड असते. वणव्यात शेंडा होरपळला तरी सालीखालच्या सुप्त कळ्यांतून नवे फुटवे येतात. त्याची पाने त्रिकोणी, चिवट आणि टोकदार असतात. झाड ४० मीटरांपर्यंत उंच जाते आणि हजार वर्षांहून अधिक जगू शकते. खाली राहिलेल्या फांद्या झडत जातात आणि म्हाताऱ्या झाडाचा आकार उघडलेल्या छत्रीसारखा होतो.

नर झाड वेगळे, मादी झाड वेगळे. परागकण वाऱ्यावर जातात. मादीच्या शंकूला पिकायला परागणानंतर दीड-दोन वर्षे लागतात. माणसाच्या डोक्याएवढ्या त्या शंकूत दोनशेच्या आसपास बिया असतात, प्रत्येक तीन-चार सेंटीमीटर लांब. चिलीत तिला 'पिन्योन' म्हणतात. झाड बी धरू लागते ते तीस-चाळीस वर्षांचे झाल्यावर. त्यातही दरवर्षी सारखे पीक येत नाही. आपल्याकडे आंब्याला जसे बहराचे वर्ष असते, तसे दोन-चार वर्षांनी एकदा सबंध डोंगर एकदम लगडतो.

बी मोठी आणि पिठूळ, म्हणून पौष्टिक. पण त्याच कारणाने ती वाऱ्यावर उडत नाही. झाडाखालीच पडते आणि फार दिवस टिकत नाही. तिला दूर न्यायला कोणीतरी लागते. पोपट ती फोडून खातात आणि काही सांडतात, उंदीर-घुशींसारखे प्राणी पुरून ठेवतात आणि काही विसरतात. आणि माणसेही ती गोळा करतात.

पेवेनची माणसे

मापुचे भाषेत 'चे' म्हणजे माणूस. 'पेवेनचे' म्हणजे पेवेनची माणसे. अँडीजच्या दोन्ही उतारांवर राहणाऱ्या या समाजाचा वर्षाचा क्रम झाडाने ठरवून दिलेला होता. हिवाळ्यात खालच्या दऱ्यांत राहायचे, उन्हाळ्यात जनावरे घेऊन वर डोंगरात जायचे, आणि शरद ऋतूत, म्हणजे तिकडच्या मार्च-एप्रिलमध्ये, पिन्योन वेचून खाली उतरायचे. कोणत्या कुटुंबाने कोणत्या राईत वेचायचे याचे संकेत ठरलेले असत.

पिन्योन उकडून खातात, भाजून खातात, दळून भाकरी करतात, आंबवून पेय करतात. साठवण्याच्या युक्त्याही होत्या. जमिनीत खड्डा करून त्यात पाणी खेळवायचे आणि बिया बुडवून ठेवायच्या, म्हणजे त्या महिनोन् महिने टिकत. सोललेल्या बियांच्या माळा करून चुलीच्या धुरात टांगून ठेवायच्या. बर्फाने वाटा बंद झाल्यावर घरात हेच धान्य असे. गव्हाची शेती स्पॅनिशांबरोबर आली. त्याआधी त्या उंचीवर बेभरवशाच्या पिकापेक्षा झाडच भरवशाचे होते.

नर आणि मादी झाडांना पेवेनचे भाषेत वेगवेगळी नावे आहेत : 'वेंत्रु पेवेन' आणि 'दोमो पेवेन', पुरुष पेवेन आणि बाई पेवेन. युरोपीय शास्त्राने झाडाला लॅटिन नाव दिले ते १७८२ मध्ये. चिलीत जन्मलेल्या हुआन इग्नासिओ मोलिना या जेझुइट पंडिताने त्याला पाइनच्या प्रजातीत घातले. हे झाड पाइन नाही, हे कळायला पुढे आणखी काळ गेला. झाडाखाली आयुष्य काढणाऱ्यांना मात्र कोणत्या झाडाखाली टोपली घेऊन जायचे आणि कोणत्या झाडाखाली नाही, हे पहिल्यापासून ठाऊक असणे भागच होते.

त्यांची एक कथा आहे. दुष्काळात सगळे उपाशी असताना अन्न शोधायला गेलेल्या एका तरुणाला वाटेत एक म्हातारा भेटतो आणि विचारतो, झाडाखाली एवढे पडलेले असताना तुम्ही उपाशी का? तोवर लोक झाड पवित्र म्हणून बियांना हात लावत नसत. तो म्हातारा म्हणजे देव असतो. कथेत झाडाचे पावित्र्य मोडत नाही. झाड पूज्य राहते आणि बी खाण्याची परवानगी मिळते. झाडाखाली 'ङ्गिल्यातून' हा सामूहिक विधी होतो, त्यात झाडालाच साक्षी ठेवतात. 'पूज्य म्हणून हात लावू नका' आणि 'उपयोगी म्हणून तोडा' या दोन टोकांमध्ये पेवेनचे समाजाने तिसरी वाट काढली होती. पुढच्या दोनशे वर्षांचा इतिहास ती वाट बुजवण्याचा आहे.

डोलकाठी, बाग आणि लाकूड गिरणी

स्पॅनिशांनी झाडाकडे पाहिले ते जहाजांसाठी. सरळ, गाठ नसलेले, चाळीस मीटरांचे खोड म्हणजे तयार डोलकाठी. १७८० च्या सुमारास फ्रान्सिस्को देंदारियारेना याला जहाजबांधणीसाठी लाकूड हुडकायला पाठवले होते. त्याने आणलेले पेवेनचे लाकूड जहाजांच्या दुरुस्तीला वापरले गेले.

इंग्रजांनी पाहिले ते बागेसाठी. मेंझिसच्या रोपांनंतर काही दशके हे झाड दुर्मिळ आणि महाग होते. १८४० च्या दशकात एक्सेटरच्या व्हीच रोपवाटिकेने विल्यम लॉब या माणसाला चिलीला धाडले. त्याने तीन हजारांहून अधिक बिया आणल्या. त्यानंतर इंग्लंडभर श्रीमंतांच्या अंगणात ही झाडे लागली. कॉर्नवॉलमधल्या एका बागेत कोणा पाहुण्याने, यावर चढायचे म्हणजे माकडालाही कोडे पडेल, अशा अर्थाचा शेरा मारला आणि झाडाला 'मंकी पझल' हे नाव चिकटले. पेवेनच्या मुलखात माकडे नाहीत. पण जगभरच्या उद्यानांत आज तेच नाव चालते.

चिलीच्या प्रजासत्ताकाने पाहिले ते जमिनीसाठी. १८६१ ते १८८३ या काळात चिलीच्या सैन्याने बीओबीओच्या दक्षिणेचा मापुचे मुलूख घेतला. या मोहिमेला सरकारी दप्तरात 'शांतता प्रस्थापना' असे नाव आहे. त्याच सुमारास अँडीजच्या पूर्वेला अर्जेंटिनाचे सैन्यही अशीच मोहीम चालवत होते. तिचे नाव 'वाळवंटाचा विजय'. त्या 'वाळवंटात' पेवेनची जंगले आणि माणसे होती. मापुचे कुटुंबांना मग तुकड्यातुकड्यांनी जमिनीचे दाखले देण्यात आले, सगळे मिळून सुमारे पाच लाख हेक्टर. मोजणीत घराभोवतीची शेते धरली. जिथे वर्षातून काही महिनेच माणूस जातो ते वरचे उन्हाळी डोंगर मोजणीदाराच्या लेखी रिकामे होते. पेवेनच्या राया नेमक्या त्या डोंगरांवर होत्या. त्या सरकारी झाल्या किंवा मोठ्या जमीनदारांकडे गेल्या.

विसाव्या शतकात त्या जमिनींवर लाकूड गिरण्या आल्या. फळ्या, तुळया, खाणीतले टेकू, प्लायवूड अशा सगळ्याला पेवेन चाले. जमिनीवरून माणसे उठवणेही चालूच होते. १९३४ च्या जून-जुलैत बीओबीओच्या वरच्या खोऱ्यात रांकिल इथे बेदखल झालेल्या वसाहतकऱ्यांनी, मजुरांनी आणि पेवेनचे लोकांनी मिळून उठाव केला. पोलिसांनी तो मोडून काढला. चिलीच्या शेतकरी चळवळीच्या इतिहासात तो रांकिलचे हत्याकांड म्हणून नोंदला गेला आहे.

वादग्रस्त मुलूख

आता ब्राझील. दक्षिण ब्राझीलच्या पठारावर, पाराना, सांता कातारिना आणि रिओ ग्रांदे दो सुल या राज्यांत, पेवेनचा भाऊ वाढतो. त्याचे खोड तितकेच सरळ, पण फांद्यांची टोके वर वळलेली, त्यामुळे झाड दीपवृक्षासारखे दिसते. एके काळी या झाडांच्या जंगलाने सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापली होती. पाराना राज्याची राजधानी कुरितिबा, तिच्या नावातच हे झाड आहे, असे नावाच्या व्युत्पत्तीवरून मानतात. बीला तिकडे 'पिन्यांव' म्हणतात. एप्रिल ते जून हा तिचा हंगाम.

हे जंगल काइंगांग आणि शोक्लेंग या लोकांचे घर होते. पुढे मिश्र वंशाचे गरीब शेतकरी, ज्यांना तिथे 'काबोक्लो' म्हणतात, तेही जंगलात राहू लागले. झाडांच्या सावलीत 'माते'ची झुडपे आपोआप वाढतात. त्यांची पाने खुडून वाळवून विकायची. डुकरे जंगलात मोकळी सोडायची, ती पडलेले पिन्यांव खाऊन माजत. थोडा मका, थोडी घेवड्याची शेती. त्यांच्याकडे जमिनीचा कागद नव्हता, कारण तोवर कोणी मागितला नव्हता. १८५० च्या कायद्याने जमीन विकत घेतली तरच मालकी असे ठरवले होते, पण त्या कायद्याची झळ डोंगरातल्या झोपडीपर्यंत पोचायला अर्धशतक लागले.

ती पोचली आगगाडीबरोबर. साओ पाउलो ते रिओ ग्रांदे हा लोहमार्ग बांधण्याचे काम पर्सिव्हल फार्कर या अमेरिकन भांडवलदाराच्या ब्राझील रेल्वे कंपनीकडे आले. मोबदल्यात सरकारने रुळांच्या दोन्ही बाजूंना पंधरा किलोमीटरपर्यंतची जमीन कंपनीला देऊ केली. १९१० मध्ये मार्ग पुरा झाला. कामावर आणलेले हजारो मजूर तिथेच मोकळे सोडले गेले. फार्करच्याच दुसऱ्या कंपनीने, सदर्न ब्राझील लंबर अँड कॉलोनायझेशनने, त्रेस बार्रास इथे वाफेवर चालणारी प्रचंड लाकूड गिरणी उभारली. ती दक्षिण अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या गिरण्यांमध्ये गणली जाई. शतकानुशतके उभी असलेली खोडे साखळदंडांनी ओढत रुळांपर्यंत आणली जात. वाटेतली लहान झाडे आणि मातेची झुडपे त्याखाली चिरडली जात. जंगलात राहणाऱ्यांना कंपनीचे बंदूकधारी पहारेकरी हुसकावत.

या मुलखाचे नावच 'कोंतेस्तादो', म्हणजे वादग्रस्त. कारण पाराना आणि सांता कातारिना ही दोन राज्ये त्याच्यावर हक्क सांगत होती. ज्यांची घरे तिथे होती त्यांचा हक्क या वादात नव्हता.

ते लोक गोळा झाले एका फिरत्या साधूभोवती. झाडपाल्याची औषधे देणारा, प्रार्थना सांगणारा जोसे मारिया. याआधी जोआंव मारिया नावाचे साधू त्या भागात फिरून गेले होते आणि लोकांनी त्यांना संत मानले होते. २२ ऑक्टोबर १९१२ रोजी इरानी इथे पारानाच्या पोलीस दलाने जोसे मारियाच्या अनुयायांवर हल्ला केला. त्यात तो साधू मारला गेला आणि हल्ल्याचे नेतृत्व करणारा कर्नल जोआंव ग्वाल्बेर्तोही मारला गेला. साधू परत येईल या विश्वासाने लोक पुन्हा जमले. त्यांनी जंगलात 'पवित्र वस्त्या' वसवल्या. तिथे जे आहे ते सगळ्यांचे, असा नियम होता. १९१४ च्या फेब्रुवारीत ताक्वारुसू या वस्तीवर सैन्याने तोफा डागल्या. लढणारे बरेचसे पुरुष दुसरीकडे गेले होते, त्यामुळे मेल्या त्या मुख्यतः बायका, मुले आणि म्हातारी माणसे. सप्टेंबर १९१४ मध्ये बंडखोरांनी काल्मोन इथली कंपनीची लाकूड गिरणी जाळली. राग कशावर होता याबद्दल त्यांनी शंका ठेवली नाही.

सरकारने मग जनरल सेतेंब्रिनो दे कार्व्हाल्यो याला हजारो सैनिक देऊन पाठवले. वस्त्यांना वेढे घालून उपासमार केली गेली. ब्राझीलच्या सैन्याने लढाईच्या कामी विमान आणले ते प्रथम इथेच. १ मार्च १९१५ रोजी विमान कोसळून त्याचा चालक रिकार्दो किर्क मरण पावला. १९१६ मध्ये बंडाचा शेवटचा मोठा नेता पकडला गेला. किती माणसे मेली याचे अंदाज काही हजारांपासून वीस हजारांपर्यंत आहेत. हिशोबातली ही तफावतच, मेलेल्यांची नोंद ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही हे सांगते. २० ऑक्टोबर १९१६ रोजी दोन राज्यांनी सीमेच्या करारावर सह्या केल्या. मुलूख वादग्रस्त राहिला नाही. गिरण्या चालू राहिल्या.

पुढच्या पन्नास वर्षांत पाराना पाइन हे ब्राझीलच्या निर्यातीतले महत्त्वाचे लाकूड झाले. १९४१ साली 'राष्ट्रीय पाइन संस्था' स्थापन झाली. तिचे काम मुख्यतः व्यापाराला शिस्त लावण्याचे. साठच्या दशकानंतर सरकारी सवलतींच्या जोरावर उत्तर अमेरिकेतले जलद वाढणारे पाइन लावले जाऊ लागले. आज हा वृक्ष जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे, आणि मूळ जंगल तुकड्यांपुरते उरले आहे.

जंगल कोणी वाढवले?

हा सगळा इतिहास 'निसर्ग विरुद्ध माणूस' असा वाचण्याचा मोह होतो. जंगल आपोआप होते, माणसाने ते तोडले. पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने या समजाला धक्का दिला. मार्क रॉबिन्सन, होसे इरियार्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांता कातारिनातल्या डोंगरांची माती तपासली. गवत आणि झाड यांच्या कुजण्यातून मातीत राहणारा कार्बन वेगवेगळ्या ठेवणीचा असतो, त्यावरून कुठे कधी गवत होते आणि कधी जंगल हे कळते.

त्यांना आढळले ते असे. जिथे जुन्या वस्तीच्या खुणा कमी आहेत तिथे ही झाडे मुख्यतः दक्षिण उतारांवर आहेत. दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येते, म्हणून दक्षिण उतार गार आणि ओलसर, झाडाला सोयीचा. पण जिथे जमिनीत खणलेली प्राचीन घरे दाट आहेत, तिथे झाडे सगळ्याच उतारांवर, माथ्यांवर, पठारावर पसरलेली आहेत. तिथे पूर्वी गवत होते. जंगलाचा हा विस्तार सुमारे १४०० ते ९०० वर्षांपूर्वी झाला. तेव्हाच्या हवामानातल्या बदलाने त्याचा पुरता उलगडा होत नाही. ती घरे बांधणारे लोक काइंगांग आणि शोक्लेंग यांचे पूर्वज मानले जातात. त्यांनी झाडे लावली, राखली किंवा निदान वाढू दिली.

म्हणजे १९१० साली कंपनीला 'पडीक' म्हणून मिळालेल्या जंगलाचा काही भाग कोणाच्या तरी पूर्वजांनी वाढवलेला होता. ज्या एक्सेटर शहराच्या रोपवाटिकेने एके काळी चिलीतून बिया नेऊन विकल्या, त्याच शहराच्या विद्यापीठातून हे संशोधन आले हा योगायोग.

पाराना राज्यात एक जुनी समजूत आहे : निळा डोमकावळा, 'ग्राल्या-आझुल', पिन्यांव जमिनीत पुरतो आणि जंगल वाढवतो. त्याला मारू नये. हा पक्षी आता राज्याचा मानचिन्ह-पक्षी आहे. तो बिया लपवून ठेवतो हे खरेच आहे. पण लोककथेने पक्ष्याला दिलेले श्रेय इतिहासाने माणसाला द्यायला इतका उशीर का केला, हे विचारायला हवे.

स्मारक झालेले झाड

चिलीने १९७६ मध्ये पेवेनला 'नैसर्गिक स्मारक' जाहीर केले आणि तोड बंद केली. १९८७ मध्ये लष्करी राजवटीतच त्या हुकमात बदल होऊन तोडीला पुन्हा वाट मिळाली. लोन्किमायजवळच्या किन्केन खोऱ्यात याचा अर्थ लगेच दिसला. तिथे पेवेनचे कुटुंबे मागच्या शतकातल्या लढायांतून हटून वसली होती. कागदोपत्री खोरे एका लाकूड कंपनीचे होते. कंपनीला झाडे हवी होती, आणि माणसे तिथे असताना ती तोडणे अवघड होते. न्यायालयाचा निकाल माणसांना उठवण्याच्या बाजूने गेला. पण खोऱ्यातले लोक उठले नाहीत. त्यांच्या बाजूने पर्यावरणवादी, मापुचे संघटना आणि नुकत्याच परतलेल्या लोकशाहीतले कार्यकर्ते उभे राहिले. १९९० मध्ये झाड पुन्हा स्मारक झाले. तोडता न येणारे जंगल कंपनीच्या दृष्टीने बिनकामाचे ठरले. अखेर सरकारने ती जमीन कंपनीकडून विकत घेतली, आणि बऱ्याच वर्षांनी ती तिथल्या लोकांच्या नावावर झाली.

झाडाला संरक्षण मिळाल्याने माणसे वाचली, आणि माणसे हटली नाहीत म्हणून झाडे वाचली. किन्केनचा अर्थ मला एवढाच दिसतो. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की काय होते ते ब्राझीलमध्ये दिसते. तिथे कायद्याने पाराना पाइन तोडायला बंदी आहे. पण शेतकऱ्याला त्या झाडाचा उपयोग काय हे कायदा सांगत नाही. परिणामी कित्येक शेतकरी आपल्या रानात उगवलेले कोवळे रोप उपटून टाकतात. मोठे झाले तर त्याला हात लावता येणार नाही आणि तेवढी जमीन अडकेल, या भीतीने. तोडबंदीने म्हातारी झाडे राहतात आणि नवी उगवत नाहीत. यावर तिकडच्या कृषिसंशोधकांनी सुचवलेला मार्ग जुनाच आहे : झाड बियांसाठी लावा. कलम केलेली झाडे बीच्या झाडांपेक्षा बऱ्याच लवकर पिन्यांव देऊ लागतात. मग झाड उभे राहण्यातच शेतकऱ्याचा फायदा.

पेवेनपुढची संकटेही बदलली आहेत. २०१५ च्या वणव्याने चिना मुएर्ता राखीव जंगलातल्या राया जाळल्या. त्याच सुमारास फांद्या खालून वाळत जाण्याचा रोग मोठ्या प्रमाणावर दिसला. लाकडासाठी लावलेले परदेशी पाइन लागवडीच्या हद्दी ओलांडून पेवेनच्या रायांत शिरत आहेत आणि आगीला सरपण पुरवत आहेत. जाड सालीचे झाड क्वचित येणाऱ्या आगीसाठी तयार झाले होते, वारंवार येणाऱ्या आगीसाठी नाही. तीस-चाळीस वर्षांनी बी धरणाऱ्या झाडाला दोन वणव्यांमध्ये तेवढा वेळ मिळाला पाहिजे.

पाराना राज्यात १ एप्रिलपूर्वी पिन्यांव वेचायला आणि विकायला बंदी आहे. बी पिकली पाहिजे आणि पक्ष्यांच्या, प्राण्यांच्या वाट्याची उरली पाहिजे, हा त्यामागचा हेतू. सरकारी भाषेतला हा नियम पेवेनचे समाजाच्या संकेतांपासून फार दूर नाही. कधी वेचायचे, कुठे वेचायचे, किती सोडायचे. मेंझिसच्या ताटातल्या बियांमागे हेच नियम होते. त्याला ते कोणी सांगितले नाहीत आणि त्यानेही विचारले नाहीत. बिया खिशात मावल्या, नियम मात्र डोंगरात राहिले. ते जिथे टिकले तिथे झाडही टिकले आहे.